कमी नोडचा नंदी: इंकस्केपमध्ये सरळ रेघ आणि गुळगुळीत वळण

रेडियम कटिंगच्या दुकानात काही महिने बसलं की प्लॉटरच्या, म्हणजे ब्लेडने स्टिकर कापणाऱ्या मशीनच्या, आवाजावरून फाइल ओळखता येते. वळण नीट काढलेलं असेल तर ब्लेड एका लयीत सर्रकन फिरतं. त्याच वळणावर नोडची, म्हणजे रेघ धरून ठेवणाऱ्या बिंदूंची, गर्दी असेल तर ते अडखळत, किरकिरत पुढे सरकतं, आणि मग स्टिकरच्या कडेवरून बोट फिरवलं की बारीक करवतीचे दाते लागतात.

मी नवीन असताना तान्ह्या पोळ्याच्या (लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या) आधी लाकडी नंदीचं स्टिकर करायचं काम माझ्याकडे आलं. नंदीचा फोटो घेतला, सॉफ्टवेअरकडून ट्रेस करून (फोटोवरून आपोआप रेघ काढून) घेतला आणि तसाच कटिंगला लावला. वशिंडाच्या वळणावर रेडियम उचकटलं, तीन फूट माल वाया गेला. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. खालच्या पट्टीत नोडचा आकडा होता 640. ते म्हणाले, "इतके टिंब कायले टाकले बाबू? वशिंडाले एक पुरते." मग त्यांनी तोच नंदी माझ्यासमोर 31 नोडमध्ये काढला. पुढे जे लिहितो आहे त्याचं मूळ त्या अर्ध्या तासात आहे.

आता माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी सांगतात, "दादा, माउसवर माझा हात थरथरते, रेघ सरळ येत नाही." हात थरथरू द्या. वेक्टर प्रकारच्या चित्रात रेघ हाताने ओढायची नसतेच. तुम्ही मोजके बिंदू ठेवता आणि दिशा सांगता, मधली रेघ गणिताने निघते. म्हणून शिकायचं आहे ते एवढंच, की बिंदू कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवायचा नाही.

नोड आणि हँडल

बिंदूला नोड म्हणतात. नोडमधून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या बारीक दांड्या म्हणजे हँडल. संक्रांतीच्या पतंगाची वाकवलेली कामटी डोळ्यांसमोर आणा. तिची दोन टोकं दोऱ्याने जागच्या जागी धरलेली असतात आणि टोकापाशी ती ज्या दिशेने निघते त्यावर मधली कमान ठरते. कामटी कुठेही खटका घेत नाही, कारण मध्ये तिला कोणी दाबलेलं नसतं. नोड म्हणजे ती टोकं आणि हँडल म्हणजे टोकापाशी निघायची दिशा. हँडल लांब असेल तर रेघ त्या दिशेने जास्त वेळ चालते आणि मग वळते, आखूड असेल तर लगेच वळते. हँडलची लांबी शून्य केली तर त्या बाजूला दिशेचं बंधन उरत नाही. दोन्ही टोकांची हँडल शून्य असतील तर रेघ सरळ.

हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्यो यांनी 1959 च्या सुमारास आणि रेनो कंपनीत पिअर बेझिए यांनी 1960 च्या दशकात गाडीच्या पत्र्याची वळणं नेमकी सांगता यावीत म्हणून ही पद्धत बांधली. आपण ज्याला बेझिए कर्व्ह म्हणतो तो हाच. आज आपण वाचतो त्या फाँटमधलं प्रत्येक अक्षर याच प्रकारच्या वळणांनी बनलेलं असतं.

तयारी

मी इंकस्केप (वेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) धरून सांगतो, कारण ते फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, आणि घरच्या साध्या कॉम्प्युटरवर सराव करता येतो. नागपुरातल्या बहुतेक फ्लेक्स-रेडियमच्या दुकानांत कोरलच (कोरलड्रॉ, असंच दुसरं सॉफ्टवेअर) असतं. पण नोडची समज एकच आहे. एकात हात बसला की दुसऱ्यात फक्त बटणं शोधावी लागतात.

नवीन फाइल उघडा, माप मिलिमीटरमध्ये ठेवा. कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून फिल अँड स्ट्रोकचं पॅनेल उघडा. फिल (आतला रंग) बंद करा, स्ट्रोक (कडेची रेघ) लाल आणि अर्धा मिलिमीटर ठेवा. हे आधीच केलं नाही तर वळण काढता काढता आत काळा रंग भरत जातो आणि खालचा फोटो दिसेनासा होतो. फोटोवरून काढायचं असेल तर तो कंट्रोल-आयने आत घ्या, अपारदर्शकता 40 टक्क्यांपर्यंत उतरवा, त्याच्या लेयरला (थराला) कुलूप लावा आणि वर नवा लेयर घ्या. कुलूप विसरू नका. नोडऐवजी फोटोच सरकला तर अर्ध्या तासाचं काम तिरकं होतं.

तीन कळा पाठ करा. एस म्हणजे निवडायचा बाण, बी म्हणजे पेन, एन म्हणजे नोड टूल. दिवसभर या तिघींवरच बोट फिरतं.

आधी संत्रं

पेन हातात घ्यायच्या आधी गोल बघा. ई दाबून लंबवर्तुळाचं टूल घ्या, कंट्रोल धरून ओढा, वर्तुळ येईल. आता कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून त्याचं पाथमध्ये (नोडने बनलेल्या रेघेत) रूपांतर करा आणि एन दाबा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारच नोड दिसतील. वरच्या आणि खालच्या नोडची हँडल पूर्ण आडवी, बाजूच्या दोघांची पूर्ण उभी. प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण 55 टक्के. नेमकं सांगायचं तर 0.5523 पट.

इथे पाच मिनिटं थांबा. चार नोडमध्ये इतका स्वच्छ गोल येतो की खऱ्या वर्तुळापासून त्याचं अंतर त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांच्याही आत राहतं. 1 मीटर त्रिज्येचा गोल कापला तरी चूक जेमतेम पाव मिलिमीटर. गोलाला चार पुरतात, तर नंदीच्या पाठीला चाळीस कशाला लागतील?

आता याच गोलाचं संत्रं करा. संत्रं खालून थोडं चपटं असतं. खालच्या नोडवर क्लिक करा आणि कंट्रोल धरून तो वर सरकवा. कंट्रोलमुळे तो आडवा पळत नाही, सरळ वरच जातो. मग शिफ्ट-वाय दाबा. याने नोड सिमेट्रिक होतो, म्हणजे एका बाजूचं हँडल ओढलं की दुसरं तेवढंच लांबतं. कंट्रोल धरून एक हँडल बाहेर ओढा. तळ सपाट होत जाईल आणि डावी-उजवी बाजू सारखी राहील. एकही नोड वाढला नाही, तरी आकार बदलला.

पानाला दोन नोड. बी दाबा, देठापाशी क्लिक करा, पानाच्या टोकाशी क्लिक करा, परत देठाच्या नोडवर क्लिक करून पाथ बंद करा. एकावर एक पडलेल्या दोन सरळ रेघा दिसतील. एन दाबून रेघेच्या मध्यावर धरा आणि एका बाजूला ओढा, मग उरलेली रेघ दुसऱ्या बाजूला. पान तयार. दोन्ही टोकं टोकदारच राहतात, कारण ते नोड कस्प आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंची हँडल एकमेकांना बांधलेली नाहीत.

नोडचे प्रकार इथेच लक्षात घ्या. शिफ्ट-सी म्हणजे कस्प, कोपऱ्यासाठी. शिफ्ट-एस म्हणजे स्मूद, यात दोन्ही हँडल एका रेषेत राहतात पण लांबी वेगळी चालते. आणि शिफ्ट-वाय आत्ता पाहिलाच. ऑटो-स्मूद नावाचा चौथाही आहे, शेजारचा नोड हलला की तो आपली हँडल आपणच बदलतो. शिकताना तो वापरू नका. हँडल कुठे ठेवायचं हे तुमच्या डोळ्याला कळायला हवं.

सरळ रेघ

पेनने एक क्लिक, कंट्रोल धरून दुसरा क्लिक, मग एंटर. कंट्रोल धरला की रेघ 15-15 अंशांच्या टप्प्यांनीच फिरते, म्हणून आडवी म्हणजे नेमकी आडवी आणि उभी म्हणजे नेमकी उभी येते. डोळ्याच्या अंदाजाने आडवी काढू नका. अर्ध्या अंशाचा तिरकेपणा स्क्रीनवर दिसत नाही, पण दुकानाच्या बोर्डावर 3 फुटांच्या शिरोरेषेला तो दुसऱ्या टोकाला जवळजवळ 8 मिलिमीटर खाली आणतो. रस्त्यापलीकडून चहा पिणाऱ्याला तो दिसतो.

सरळ रेघेत नवख्यांकडून दोन चुका होतात. पहिली, क्लिक करताना माउस किंचित घसरतो आणि नोडला छोटं हँडल फुटतं. रेघ सरळ भासते, पण मध्ये पोट आलेलं असतं. दुसरी, नोड टूलमध्ये रेघेवरच हात पडतो आणि ती ओढली जाऊन वाकते. दोन्हींवर उपाय एकच. रेघेचे दोन्ही नोड निवडा आणि शिफ्ट-एल दाबा. तो तुकडा पुन्हा सरळ होतो. उलट करायचं असेल, म्हणजे सरळ तुकड्याला वळण द्यायचं असेल, तर शिफ्ट-यू.

आधीच काढलेली रेघ नेमकी आडवी करायची असेल तर नोड टूलमध्ये असतानाच एकेक नोड निवडून वरच्या पट्टीतल्या वायच्या चौकटीत दोघांना एकच आकडा द्या. मला ही सगळ्यात खात्रीची पद्धत वाटते. आणि जाड पट्टी हवी असेल, शिरोरेषा किंवा बोर्डाची चौकट, तर पेन घेऊच नका. आर दाबा, आयत ओढा. जे काम आयत आणि वर्तुळ करतात ते पेनकडून करून घेण्यात काही कौशल्य नाही.

सरळ रेघ वळणाला मिळते तिथे

खरी परीक्षा या सांध्यात असते. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीचा स्तूप नागपुरात किती गाड्यांच्या काचांवर दिसतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. दसऱ्याच्या आधी ही स्टिकरं कापायची तर घुमट नितळच यायला हवा. लोक ते श्रद्धेने लावतात. त्यावर गचका चालत नाही.

सरावासाठी साधा घुमट घ्या, खाली थोडी उभी भिंत आणि वर अर्धगोल. पूर्ण काढू नका, डावा अर्धाच काढा. बी दाबा. भिंतीच्या तळाशी क्लिक. जिथे भिंत संपून घुमट सुरू होतो तिथे माउस दाबून कंट्रोल धरून वर ओढा, हँडल उभं निघेल. मग घुमटाच्या माथ्यावर दाबून कंट्रोल धरून उजवीकडे ओढा, हँडल आडवं निघेल. एंटर.

आता एन. खालचे दोन नोड निवडून शिफ्ट-एल, म्हणजे भिंत पक्की सरळ. मग सांध्याचा एकटा नोड निवडून शिफ्ट-एस. एका बाजूला सरळ रेघ आणि दुसऱ्या बाजूला वळण असताना नोड स्मूद केला की वळणाचं हँडल सरळ रेघेच्याच दिशेत बसतं. एवढ्यानेच गचका जातो. हँडल एकदोन अंशांनी जरी बाजूला राहिलं तरी सांध्यावर प्रकाश वेगळा पडल्यासारखा दिसतो आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. दोन्ही हँडलची लांबी त्रिज्येच्या 55 टक्क्यांच्या जवळ आणा, संत्र्यात पाहिली तशीच.

एस दाबून हा अर्धा भाग निवडा, कंट्रोल-डीने दुसरी प्रत घ्या, एच दाबून ती आडवी उलटवा. स्नॅप (नोड नोडला आपोआप चिकटवणारी सोय) चालू ठेवून दोन्ही माथे एकमेकांवर आणा. दोन्ही निवडून कंट्रोल-के, म्हणजे एकच पाथ. एन दाबून माथ्यावरचे दोन्ही नोड चौकट ओढून निवडा, शिफ्ट-जेने जोडा, शिफ्ट-एसने स्मूद करा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, आणि मेहनत अर्धीच.

आता नंदी

फोटो लेयरवर घ्या. नंदीचं तोंड डावीकडे आहे असं धरतो. पेनला हात लावण्याआधी फक्त बघा. बाह्यरेषा सर्वांत वर कुठे जाते, सर्वांत खाली कुठे उतरते, सर्वांत डावीकडे आणि सर्वांत उजवीकडे कुठे पोचते? नोड तिथे ठेवायचे. शिवाय जिथे खरोखर कोपरा आहे तिथे. बाकी कुठेही नाही.

मानेपासून शेपटीपर्यंतची वरची रेघ घ्या. पहिला नोड शिंगामागे, मान सुरू होते तिथे, साधा क्लिक. दुसरा वशिंडाच्या पायथ्याशी, जिथे मान संपून खाच पडते, तोही साधा क्लिक, कारण तिथे कोपरा आहे. तिसरा वशिंडाच्या माथ्यावर: दाबा, कंट्रोल धरा, उजवीकडे ओढा. काकांनी सांगितलेला एक नोड तो हाच. चौथा पाठीच्या सर्वांत खोल जागी, पुन्हा आडवं हँडल. पाचवा पुठ्ठ्याच्या सर्वांत मागे गेलेल्या जागी, दाबून कंट्रोल धरून खाली ओढा, म्हणजे हँडल उभं. एंटर.

माथ्यापासून पाठीपर्यंतची रेघ आधी बाहेरच्या बाजूला आणि मग आतल्या बाजूला वळते. नवखा माणूस तिथे मध्ये नोड ठेवतोच. ठेवू नका. दोन हँडलमधला एक तुकडा असं उलटसुलट वळण सहज पेलतो.

रेघ फोटोवर नीट बसली नसेल तर नोड न वाढवता आधी हँडलची लांबी बदला. सुरुवातीला दोन नोडमधल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश ठेवा आणि तिथून कमीजास्त करा. एका टोकाचं हँडल फार लांब आणि दुसऱ्याचं फार आखूड झालं की वळण एका बाजूला कलतं. दोन्ही इतकी लांबली की एकमेकांना ओलांडून गेली, तर रेघेला गाठ पडू शकते. आणि एका तुकड्याकडून काटकोनापेक्षा जास्त वळण मागू नका. तेवढं वळायचं असेल तरच मध्ये एक नोड द्या, तोही वळणाच्या टोकावर.

शिंगाला टोक असतं. टोकाशी कस्प नोड, बाहेरची कड एक तुकडा, आतली कड एक तुकडा. पेनने काढतानाच कोपरा हवा असेल तर हँडल ओढताना शिफ्ट धरा, मग पुढचं हँडल मागच्यापासून सुटं फिरतं. पाय सरळ रेघांचे, गाडीची फळी आयताची, चाकं वर्तुळाची. चाक हाताने काढायला गेलेला मुलगा मी पाहिला आहे, तासभर बसला होता.

चुकलेला नोड काढायचा असेल तर निवडून डिलीट दाबा. इंकस्केप शक्यतो आकार तोच ठेवतो. नोड वाढवायचाच असेल तर रेघेवर त्या जागी डबल क्लिक करा.

ट्रेस, पेन्सिल आणि इतर सोयी

ट्रेस बिटमॅप वाईट नाही. पावसाचे डाग, झाडाची साल, जुन्या छापाचा खडबडीतपणा यासाठी मी तोच वापरतो. पण लोगो, अक्षर, नंदी, घुमट यासाठी नाही. ट्रेस करणारा प्रोग्राम फोटोतल्या धुरकट कडेच्या मागे फिरतो, त्याला वशिंड म्हणजे काय हे माहीत नसतं. केलाच तर कंट्रोल-एलने सिम्प्लिफाय (नोड कमी) करा. एकापाठोपाठ पटापट दाबलं तर तो दर वेळी जास्त नोड काढतो, म्हणून प्रत्येक दाबण्यानंतर कोपरे वितळले का ते बघा. वितळले तर कंट्रोल-झेड.

पेन्सिल, म्हणजे पी, कच्च्या रेखाटनासाठी ठीक. वर स्मूदिंगची पट्टी असते, ती वाढवली की नोड कमी पडतात. वेली आणि रांगोळीच्या नक्षीसाठी पेनच्या वरच्या पट्टीतला स्पायरो मोड फार सुंदर वळणं देतो. पण तो हँडल लपवतो, म्हणून आधी महिनाभर साधा पेनच चालवा.

कोरलवाल्यांसाठी थोडक्यात: नोडचं काम शेप टूलने, एफ10. आकाराचा कर्व्ह करायला कंट्रोल-क्यू. कंट्रोल धरला की तिथेही 15 अंशांचेच टप्पे. रिड्यूस नोड्सचं बटण शेप टूलच्या वरच्या पट्टीत मिळेल.

कटिंगला देण्याआधी

पाथ निवडा आणि खालच्या पट्टीतला नोडचा आकडा वाचा. नंदी शंभरच्या वर गेला असेल तर कुठेतरी गर्दी आहे. कंट्रोल-5 दाबत आउटलाइनच्या दृश्यात या, तिथे रंग नसतात, फक्त रेघा दिसतात. एकावर एक पडलेली दुहेरी रेघ इथेच सापडते. ती राहिली तर ब्लेड एकाच जागी दोनदा फिरतं आणि मागचा कागदही कापून टाकतं.

प्लॉटर रेघेची जाडी बघत नाही, तो पाथच्या मधोमध चालतो. जाड स्ट्रोकने काढलेली नक्षी असेल तर कंट्रोल-ऑल्ट-सीने स्ट्रोकचा पाथ करा. अक्षरांनाही कंट्रोल-शिफ्ट-सीने पाथ करून मगच फाइल द्या, नाहीतर दुकानातल्या मशीनवर तो मराठी फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात. इंकस्केपला कोरलची फाइल सेव्ह करता येत नाही, म्हणून पीडीएफ किंवा एसव्हीजी द्या आणि रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये सोबत लिहून द्या.

पहिला कट पूर्ण मापाचा घेऊ नका. नंदी 4 इंचांचा करून उरलेल्या तुकड्यावर कापा आणि सोलायला वशिंडापासून सुरुवात करा. तिथे कड उचलली गेली तर ब्लेडचा दाब बदलण्याआधी फाइल उघडून माथ्यावर किती नोड आहेत ते मोजा.